फुलांचे कुंपण आणि रानातले गवत

बागेला कुंपण घालताना मनुष्य नेहमी आतल्या बाजूने विचार करतो. आतली रोपे जगावीत, आतली फुले टिकावीत आणि बाहेरचे जनावर बाहेरच राहावे, एवढाच त्याचा हेतू असतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र प्रत्येक कुंपणाला दुसरीही बाजू असते. कुंपणासाठी लावलेले झुडूप फुलते, फळते, त्याचे बी पाखरे दूर नेऊन टाकतात आणि काही दशकांनी त्या बाजूच्या माळाची व जंगलाची घडणच बदलून जाते. हरणांपासून फुलबाग कशी राखावी, पीक कसे वाचवावे, हा प्रश्न अरण्याच्या कडेला राहणारा बागवान आणि शेतकरी दोघेही विचारीत असतात. त्याचे उत्तर शोधताना कुंपणाच्या या दुसऱ्या बाजूचा विसर पडला, तर ज्या उपायाने हरीण आज अडते, त्याच उपायाने ते उद्या अधिक भुकेले होऊन परत येते. ही केवळ कल्पना नव्हे. भारतात हे प्रत्यक्ष घडून गेले आहे आणि त्याची किंमत आजही चुकवावी लागत आहे.

बागेकडे हरीण का वळते?

मराठीत ज्यांना सरसकट हरणे म्हटले जाते, त्यांत दोन निराळ्या कुळांचे प्राणी येतात. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणे होत; त्यांच्या नरांची शिंगे गळतात आणि पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा आणि विदर्भात रोही म्हणून ओळखली जाणारी नीलगाय हे कुरंग होत. त्यांची शिंगे जन्मभर तीच राहतात. हा भेद केवळ प्राणिशास्त्राच्या पुस्तकापुरता नाही. काळवीट मुख्यतः गवतावर चरणारे, म्हणून ते उघड्या माळावर राहते आणि ज्वारी-हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात उतरते. सांबर आणि भेकर झाडीत राहून पाला, कोंब आणि फळे खातात. चितळ आणि रोही यांना गवतही चालते व पालाही चालतो. म्हणून शेताला आणि बागेला मुख्य उपद्रव होतो तो या दोघांचा.

त्यातही बागेचे आकर्षण निराळे असते. चैत्र-वैशाखात रान वाळून जाते, गवत पिवळे पडून निःसत्त्व होते, पाणवठे आटतात. अशा वेळी खतपाणी घातलेली जास्वंद आणि कोवळ्या फुटीने डवरलेला गुलाब हे भुकेल्या जनावराला आमंत्रणच ठरते. गुलाबाच्या काट्यांची त्याला फारशी तमा नसते. कळ्या आणि शेंडे ते अलगद खुडून खाते. बागवान याला चोरी म्हणतो. हरणाच्या दृष्टीने तो उन्हाळ्यातला एकमेव हिरवा चारा असतो.

यावर लोकांनी नाना उपाय केले आहेत. शेताभोवती जुन्या रंगीत साड्या बांधणे, बुजगावणी उभी करणे, डबे वाजवणे, माळ्यावर बसून रात्रभर जागल करणे, हे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत सर्वत्र दिसते. उग्र वासाच्या पदार्थांच्या फवारण्याही होतात. या साऱ्यांचा गुण काही दिवस येतो. मग जनावर त्यांना सरावते, पावसाने वास धुऊन जातो आणि रात्र-रात्र जागणाऱ्या माणसाचे डोळे मिटतात. जाळीचे कुंपण घालावे, तर चितळ-सांबरांसाठी ते सात-आठ फूट उंच हवे आणि खाली फटही राहता कामा नये, कारण उडी मारण्यापूर्वी हरीण बहुधा खालून शिरण्याची वाट शोधते. एवढा खर्च बंगल्याच्या मालकाला झेपेल. दोन एकरांच्या धन्याला झेपणारा नाही.

न खाल्ल्या जाणाऱ्या झुडपाची कहाणी

साहजिकच बागकामाच्या पुस्तकांत आणि रोपवाटिकांत एका सोप्या उपायाची शिफारस होते. जे झुडूप फुलते, पण ज्याला कोणतेही जनावर तोंड लावीत नाही, ते लावावे. कण्हेर, रुई, अडुळसा यांना गुरे सोडून देतात, ती त्यांच्या चिकामुळे, कडूपणामुळे किंवा विषामुळे. वनस्पतीला पळता येत नाही. म्हणून ती पानांत असे पदार्थ साठवून आपला बचाव करते. कुंपणाजवळ अशी झुडपे लावावीत आणि आत गुलाब-जास्वंद सुखाने वाढवावीत, हा सल्ला ऐकताना अगदी निर्दोष वाटतो.

नेमक्या याच विचाराने १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात एक विदेशी झुडूप कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले. त्याचे मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. लहान लहान फुलांचे रंगीबेरंगी गुच्छ बारमाही, खोड खरखरीत व काटेरी, वाढ झपाट्याची, पाण्याची फारशी अपेक्षा नाही आणि गुरे त्याला शिवत नाहीत. कुंपणासाठी याहून उत्तम झुडूप कोणते? बंगल्यांच्या आणि छावण्यांच्या आवारांतून ते देशभर पसरले. महाराष्ट्रात त्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. विदर्भात ते रायमुनिया या नावाने परिचित आहे. त्याचे शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा.

पुढे जे झाले ते कोणी योजिले नव्हते. घाणेरीची काळी, गोड फळे बुलबुल, साळुंक्या आवडीने खातात आणि बी रानोमाळ टाकतात. रानात पडलेल्या बीजातून रोप उगवले की त्याला तेथेही तेच संरक्षण लाभते, जे बागेत लाभले होते. शेजारचे गवत चरले जाते, शेजारचा कोंब ओरबाडला जातो, घाणेरी मात्र तशीच राहते. प्रत्येक चरणारे जनावर नकळत तिच्या प्रतिस्पर्ध्यांची छाटणी करीत जाते. वणव्यानंतर ती बुडख्यातून पुन्हा फुटते. तोडली तर अधिक दाट येते. तिच्या गचपणाखाली ऊन पोचत नाही, म्हणून गवत मरते आणि वृक्षांची रोपेही उभी राहत नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वन्यजीव संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार देशातील वाघांचा वावर असलेल्या वनप्रदेशांपैकी सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात या झुडपाने ठाण मांडले आहे. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याशी तुलना करावी, एवढा हा पसारा आहे.

आता या साखळीचे टोक पाहावे. हरणांना कुंपणाबाहेर ठेवावे म्हणून जे झुडूप लावले, त्याने जंगलात जाऊन हरणांचे गवत घेतले. चारा घटला की चितळ रानाच्या कडेला येते, रोही तुरीत शिरते, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्यावर जगणारे हिंस्र पशूही वस्तीच्या जवळ येतात. ज्या बंगल्यात ते पहिले झुडूप लावले गेले, त्याच्या मालकाला यातले काहीच सोसावे लागले नाही. सोसावे लागले ते दीडशे-दोनशे वर्षांनंतरच्या, जंगलालगतच्या शेतकऱ्याला.

अमेरिकेतील दुसरा दाखला

हा भारताच्या हवापाण्याचा योगायोग असेल, असे कोणाला वाटल्यास अमेरिकेच्या ईशान्य भागातील अनुभव ध्यानात घेण्यासारखा आहे. तेथे दारुहळदीच्या कुळातील एक जपानी झुडूप १८७५ च्या सुमारास शोभेसाठी आणले गेले. लाल फळे, काटेरी फांद्या आणि हिवाळ्यापूर्वी तांबूस होणारी पाने यांमुळे ते घरोघरी कुंपणाला लागले. हरणे ते खात नाहीत, ही त्याची मोठीच प्रशस्ती मानली गेली.

त्याच देशात विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीमुळे पांढऱ्या शेपटीची हरणे जवळपास नामशेष होण्याच्या मार्गावर होती. कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. परंतु लांडगा आणि डोंगरी सिंह त्या प्रदेशातून आधीच संपवले गेले होते. शिकारी पशू नाहीत आणि उपनगरांच्या हिरवळी मात्र अमाप, अशा स्थितीत हरणांची संख्या वाढून आज ती सुमारे ३ कोटींच्या घरात असल्याचा अंदाज केला जातो. त्यांनी बागा खाल्ल्या आणि जंगलातील कोवळी रोपेही खाल्ली. मागे राहिले ते त्यांना न आवडणारे हे जपानी झुडूप. त्याच्या दाट, दमट सावलीत उंदरांना आसरा मिळतो आणि गोचिडांचे फावते. कनेक्टिकट राज्यातील शास्त्रज्ञांना असे आढळले की, या झुडपांच्या जाळीत लाइम रोगाचे जंतू वाहणाऱ्या गोचिडांचे प्रमाण अधिक असते. ज्या लाइम गावावरून या रोगाला नाव मिळाले, ते गावही त्याच राज्यातले. शेवटी २०२१ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने हे झुडूप उपद्रवी तणांच्या यादीत घालून त्याच्या विक्रीवर बंदी आणण्याचा निर्णय घेतला. सुमारे दीडशे वर्षे जे शोभेचे म्हणून विकले गेले, ते आता उपटण्यासाठी पैसा खर्च करावा लागत आहे.

दोन खंडांतील दोन झुडपांची ही कथा एकच गोष्ट सांगते. ‘याला कोणी खात नाही’ हा बागेतला गुण, झुडूप बागेबाहेर पडताच दोष ठरतो. विशेषतः जे झुडूप परदेशातून आले, ज्याच्यावर जगणारे किडे इथे नाहीत आणि ज्याची फळे पाखरांना आवडतात, त्याच्या बाबतीत तर ही धोक्याची घंटाच समजावी.

अडवणारे कुंपण, मारणारे कुंपण

मग बागेला आणि शेताला कुंपण घालूच नये काय? तसे म्हणणे म्हणजे शेतकऱ्याच्या ताटातला घास हरणाला वाढून स्वतः पुण्य घेणे होय. कुंपण हवेच. ते कसले, एवढाच प्रश्न आहे.

या भूमीत विषावर नव्हे, तर काट्यावर विसंबणारी फुलझुडपे भरपूर आहेत. करवंदीला पांढरी, सुगंधी फुले येतात, फांद्याफांद्यांतून जोडकाटे असतात, शिवाय फळाला बाजार आहे. चिल्हारीला पिवळ्या फुलांचे देखणे तुरे येतात आणि तिच्या आकडेदार काट्यांतून कोणी सहजी सुटत नाही. सागरगोट्याची जाळी तर गावकुसाला पूर्वापार परिचित आहे. पावसाळ्याच्या आरंभी चर खणून, दोन ओळींत, एका ओळीतले रोप दुसरीतल्या मोकळ्या जागेसमोर येईल अशा बेताने ही रोपे लावली आणि पहिली तीन-चार वर्षे तात्पुरती जाळी बांधून त्यांना जनावरांपासून जपले, तर पुढे अभेद्य भिंत उभी राहते. हरीण उडी मारते ते पलीकडची जमीन दिसत असेल तर. दाट कुंपणापलीकडे काय आहे ते दिसत नसल्यामुळे ते उडी घेण्यास कचरते. म्हणजे येथे उंचीइतकाच दाटपणाही कामाचा ठरतो. या झुडपांच्या पाल्यावर जगणारे किडे आणि फळांवर जगणारी पाखरे याच मातीतली असल्यामुळे, ती रानात गेली तरी रानाचीच राहतात. रान गिळीत नाहीत.

याच्या उलट टोकाला आहे ती विजेची जिवंत तार. झटका यंत्राचे सौर कुंपण निराळे. त्यातून क्षणिक, मर्यादित धक्का बसतो व जनावर मागे फिरते. परंतु ते विकत घेणे ज्याला परवडत नाही, तो कधी कधी वीजवाहिनीवर आकडा टाकून तोच प्रवाह शेताभोवतीच्या तारेत सोडतो. ही तार चितळ, वाघ आणि माणूस यांत भेद करीत नाही. २०१७ साली चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड परिसरात ‘श्रीनिवास’ नावाने ओळखला जाणारा वाघ अशाच तारेने मेला. काळोखात शेतावर निघालेली माणसेही अशा तारांना चिकटून मेली आहेत. कधी शेजारी, कधी खुद्द त्या शेताच्या घरातलेच. हा गुन्हा आहे, यात शंका नाही. पण गुन्हा नोंदवून प्रश्न मिटत नाही. उभे पीक एका रात्रीत भुईसपाट झालेले पाहणारा माणूस कायद्याची कलमे वाचून शांत होईल, अशी अपेक्षा शहरात बसून बाळगणे सोपे आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घाणेरी उपटून हरणे शेतात यायची थांबतील, हा भाबडेपणा आहे. गवतापेक्षा हरभरा केव्हाही रुचकर. या आक्षेपात तथ्य आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. संरक्षण मिळाल्यावर काळवीट वाढले आणि ते भोवतालच्या शेतांत चरू लागले. एवढ्याशा माळाने त्यांना कसे पोसावे? तेव्हा गवत हा एकमेव उपाय नव्हे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु घरी भाकरी असलेला पाहुणा आणि उपाशी पाहुणा यांच्या येण्यात फरक असतो. रानात चारा असेल, तर पिकावर येणाऱ्या कळपांचा भार हलका होतो, आणि मग कुंपण, राखण व नुकसानभरपाई हे उपाय पुरे पडण्याची शक्यता निर्माण होते. चारा नसेल, तर कोणतेच कुंपण फार काळ टिकत नाही.

दुसरा आक्षेप घाणेरीच्या बाजूने घेतला जातो. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात, जाळीत पाखरे घरटी करतात, काड्या जळणाला होतात. आणि आज बाजारात तिचे जे रंगीत, बी न धरणारे प्रकार मिळतात, त्यांचा काय दोष? फुलपाखरांची गोष्ट खरी आहे. पण एका झुडपावर आलेली फुलपाखरे मोजताना, त्याच्याखाली मेलेल्या गवताबरोबर कोणते किडे, कोणती पाखरे आणि कोणती जनावरे गेली, हेही मोजले पाहिजे. बी न धरणाऱ्या प्रकारांविषयी म्हणावे, तर त्यांचे पराग रानटी झुडपांपर्यंत पोचू शकतात. ज्या झुडपाने एवढे अरण्य व्यापले, त्याला रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि उद्यानांत सन्मानाने लावण्याचे कारणच काय? तगर, कोरांटी, करवंद यांना फुले येत नाहीत काय?

करण्यासारखे काय?

घाणेरी हटवणे अशक्य नाही. मात्र नुसती छाटून ती हटत नाही. तिच्यावर किडी सोडण्याचे प्रयोग विसाव्या शतकात झाले, त्यांना पुरेसे यश आले नाही. दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी रूढ केलेली पद्धत साधी आहे. जमिनीच्या किंचित खाली, जेथे खोड आणि मूळ एकत्र येतात, तेथे मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा फुटत नाही. लागलीच त्या जागी गवत आणि स्थानिक झाडे लावायची व पुढची दोन-तीन वर्षे उगवणारी नवी रोपे उपटीत राहायचे. ही चिकाटी राहिली नाही, तर पहिल्या वर्षाचा सगळा खर्च वाया जातो. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या सोडलेल्या जमिनीवर कुरणे तयार झाली आणि गवतावर जगणारी जनावरे तेथे चरू लागली. जागा आणि देखभाल मिळाली, तर गवत परत येते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

यासाठी तीन गोष्टी शासनाने कराव्यात. शासकीय व नगरपालिकांच्या रोपवाटिकांतून, उद्यानांतून आणि दुभाजकांवरून घाणेरीचे सर्व प्रकार हद्दपार करावेत. वनालगतच्या शेतकऱ्याला सौर कुंपणासाठी जसे अनुदान दिले जाते, तसे करवंद-चिल्हारीच्या सजीव कुंपणाला आणि ते वाढेपर्यंतच्या तात्पुरत्या जाळीलाही द्यावे. आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवणाऱ्या या राज्याने घाणेरी निर्मूलन व कुरणविकास हे ग्रामीण रोजगाराचे नियमित काम मानावे. उन्हाळ्यात काम हवे असलेले हात गावात असतात. आणि पावसापूर्वी उपटलेल्या जागीच पहिल्या सरीनंतर मारवेल, शेडा, पवन्या या गवतांचे बी रुजते. त्याचबरोबर पिकाच्या नुकसानीची भरपाई पुढचा हंगाम उभा करण्याच्या वेळेपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडली पाहिजे. वन्य प्राणी हे साऱ्या समाजाचे धन आहे, असे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामागील तत्त्व सांगते. मग ते धन सांभाळण्याचा खर्च एकट्या कडेच्या शेतकऱ्याने का सोसावा?

उरलेले काम शासनाचे नाही. शहरातील ज्या गृहस्थाच्या गॅलरीत वा अंगणात चार कुंड्या आहेत, त्यानेही नवे फुलझाड घेताना ते मूळचे कोठले आणि त्याचे बी कोण नेते, एवढी चौकशी करावी. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी भरतात. त्यांतून खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. त्यांपैकी एखादे शिबिर वनखात्याच्या संमतीने गावाजवळच्या टेकडीवर घाणेरी उपटण्यासाठी भरवावे, आणि पुढची तीन वर्षे त्याच टेकडीवर पुन्हा जावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्या जागी उगवलेल्या गवतांची नोंद ठेवून घ्यावी. त्या टेकडीवर पावसाळ्यात गुडघाभर गवत उभे राहिले, तर खालच्या शिवारात हरणांसाठी जागणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला थोडी अधिक झोप मिळेल.